पाटावरची आजी

प्रिय आई,

काल अक्षय्य तृतीया, तू गेल्यानंतरची पहिली आखाजी. तुझ्या नावाने पाट मांडला, आणि तेव्हापासून तुझी नात छाया धड जेवत नाहीये. सात वर्षांची पोर! तिला काय सांगावं ते मला सुचत नाही. तू असतीस तर तुझ्याच गळ्यात टाकलं असतं, म्हणून लिहितोय.

सणाला कारखान्यातले लूम बंद आणि अर्धी लिंबायत वस्ती गावाकडे गेलेली. प्लेगच्या वर्षी गल्ली रिकामी झाली होती ना, तशीच. पितर म्हणून जेवायला बसवायला एक म्हातारी मिळेना! तू कुणाच्याही घरी पितर म्हणून जायचीस. आमरसासाठी जातेस म्हणून मी तुला चिडवायचो. आता तुझ्या पाटावर कुणाला बसवू?

तेवढ्यात छायाच एका म्हातारीचा हात धरून दारात आली. रेल्वेच्या गरनाळ्यापाशी, रुळांखालच्या त्या वाटेवर, गोणपाट अंथरून राहते ती. "पप्पा, आजी मिळाली!"

नाना भडकले. माझ्या बापाचा राग तुला ठाऊकच आहे. "हाई कोन शे? ना गोतनी, ना गावनी! इले पाटवर बसाडशी का?"

"पण नाना, तिला भूक लागलीय," छाया म्हणाली. नाना दारातून बाजूला सरकले.

आम्ही तिचे पाय धुतले, वाढलं. नानासुद्धा पाया पडले. पाटावर बसली की ती तूच, नाही का? किती सावकाश जेवत होती, आई! दोन पुरणपोळ्या तिने पदरात बांधून घेतल्या.

मग रीतीप्रमाणे तिला दारापर्यंत पोचवलं आणि आम्ही पानावर बसलो. छाया दारातच उभी. "पप्पा, ती परत तिकडेच झोपणार?"

"हो बेटा. रीत तेवढीच असते."

"आपली खरी आजी असती तर जाऊ दिलं असतं?"

काय सांगू? खोली एकच आहे हे सांगितलं. नशिबाचं सांगून पाहिलं, आणि बोलता बोलता माझी मलाच लाज वाटली. तिने ताट सरकवलं. रागावलो, तरी नाही. ती जेवत नाही याची काळजी आहेच. पण चार दिवसांनी ती मुकाट जेवू लागेल, गरनाळ्यावरून न बघता जायला शिकेल, आमच्यासारखी, याची जास्त भीती वाटते गं.

आज सकाळी तिने विचारलं, "त्या आजीचं नाव काय?" नाना माझ्याकडे बघायला लागले, मी नानांकडे. पाय धुतले, पाया पडलो, आणि नाव कुणीच विचारलं नव्हतं!

तिला घरात ठेवून घेईन असं वचन देत नाही. तुझ्याशी खोटं चालायचं नाही. पण लूमवरची पाळी सुटली की छायाला घेऊन ताट पोचवतो. आमच्या जेवणाआधी, उरलेलं नव्हे. पावसाळ्यात तिला ओट्यावर निजू द्यायचं, त्यासाठी नानांशी भांडेन. आणि आज तिथे गेल्यावर मी गप्प बसेन. छायाला तिचं नाव विचारू देईन.

तुझा,
सुकदेव