सुताला बांधलेली पाखरं

अहो,

चूल पेटली होती, खळीचं पातेलं खाली उतरवलं होतं, आणि मी कांड्या भरायला रहाटाशी बसले होते. गेल्या साली दिवाळी होऊन चार दिवस झाले असतील. लढाईमुळं सूत कुठं मिळत नव्हतं. म्हणून मागाशेजारच्या खुंटीवर लोंबणारी उरलीसुरली टोकंसुद्धा मी टाकत नव्हते. गाठी सोडवायच्या, टोकाला टोक जोडायचं आणि कांडीला गुंडाळायचं. त्या सकाळी एक जुडगा असाच सोडवला. हळदी, मोरपंखी, तांबडं, राखी. किती छान रंग आहेत, असंही वाटलं मला!

तो जुडगा म्हणजे तुमची पाखरं होती.

हे तुम्ही असताना मी कबूल केलं नाही. आज लिहिते, कारण या शनिवारी आप्पा तुमची ती पाखरांची दोरी मागायला आले. मी पुडीच्या कागदांवरची अक्षरं लावत बसायचे, तेव्हा तुम्ही हसायचात, "कुणाला पत्र लिवणार हाईस गं?" बघा, तुम्हालाच लिहिते आहे.

तुम्हाला लिहिता येत नव्हतं, पण तुमच्याइतकं नेमकं कुणी काही टिपून ठेवलं असेल का? पावसाळ्यात आप्पांच्या शेताची पाणथळ व्हायची, भोवतीचं रान हिरवं व्हायचं आणि तुमचा पाय घरात ठरायचा नाही. जे पाखरू दिसेल त्याच्या रंगाचं सूत दोरीला बांधायचात. हळद्याला हळदी, खंड्याला मोरपंखी. मृगात दिसलं तर एक गाठ, आर्द्रात दोन. पिल्लं उडाली की खाली पांढरं सूत, त्यालाही नक्षत्राच्या गाठी. सात पावसाळे त्या दोरीत होते, आणि मी ते एका सकाळीत सोडवले.

त्या कांड्यांचं तुम्ही घरासाठी जाडंभरडं पांघरूण विणलंत. नंतर दोरी शोधायला लागलात, तेव्हा मी म्हटलं, "उंदरांनी नेली असंल."

"लई शाणं उंदीर म्हणायचं!" तुम्ही म्हणालात. "गाठी सोडवून न्हेत्यात!"

आणि हसत मागावर बसलात. स्वतःच्या हातानं ते सूत विणलेला माणूस ओळखणार नाही होय? का नाही रागावलात? रागावला असतात तर मी तेव्हाच सगळं सांगितलं असतं. नवी दोरी यंदाच्या मृगाला सुरू करू म्हणालात, आणि वैशाखातच गेलात.

आता आप्पांचं सांगते. दरवर्षी ते तुम्हाला विचारूनच बांध फोडायचे ना? पाणी सोडायचं, ओलीवर मसूर टाकायची, पण पिल्लं उडाल्यावर. शनिवारी दारात उभे राहून म्हणाले, "वैनी, अण्णाची दोरी काढा बघू. त्या कमळाच्या पानावर चालणाऱ्या पाखराची पिल्लं कवा उडत्यात तेवढं सांगा. मंगळवारी बांध फोडतो."

"दोरी न्हाय, आप्पा."

"न्हाय म्हंजे? कुणी न्हेली?"

"मीच सोडवली. कांडीला भरली."

आप्पा उंबऱ्यावर टेकले. मग म्हणाले, "विणकराच्या घरात दुसरं काय व्हणार!" पण हसले नाहीत. "मग मी कुणाला इचारू आता?"

"उद्या मी बघून येते."

आत तुमच्या आक्का बसल्या होत्या. आप्पा गेल्यावर म्हणाल्या, "पाखरं बघायला? एकटी? कुणी इचारलं तर चुलीला शेण्या गोळा करायला चाललेय म्हण."

"न्हाय आक्का. एकदा उंदरांवर ढकललं, तेवढं बास झालं."

रविवारी उजाडताना पाणथळीवर पोचले. तुम्ही मला एकदाच नेलं होतंत, आठवतं? त्या जांभळीखाली बसलो, माझ्या बांगड्या वाजल्या आणि सगळे बगळे उडाले. तुम्ही पटक्याचं टोक फाडून बांगड्यांना गुंडाळलंत. "आता तोंडानं बोल, हातानं नगं."

या वेळी फडकं लागलं नाही. हात मोकळेच आहेत. पाखरं अगदी जवळून चालत गेली. वाईट वाटलं. पण बसून राहिले, रानात हळद्या बोलायला लागला, पाण्यावर ऊन आलं, आणि खरं सांगू? तुम्ही गेल्यापासून इतकं बरं मला कुठं वाटलं नव्हतं.

मग तो पानावर चालणारा दिसला, लांब बोटांचा, तपकिरी पंखांचा. ह्यांच्यात अंडी बाप उबवतो, पिल्लंही बापच सांभाळतो, असं तुम्ही सांगायचात आणि मला ती थाप वाटायची. त्याच्या पंखाखालून पाय लोंबत होते. बारीक बारीक, कितीतरी! मी घाबरलेच, म्हटलं हे कसलं पाखरू! तो पानावर थांबला, पंख सैल केले आणि बगलेतून तीन पिल्लं खाली उतरली. थाप नव्हती तर! ऐकायला तुम्ही हवे होतात.

तशीच आप्पांच्या खळ्यावर गेले. पिल्लं अंगठ्याएवढी आहेत, बांध फोडू नका, म्हटलं.

"किती दिस थांबू?"

ते मला कुठं ठाऊक होतं? दोरी असती तर सांगितलं असतं. म्हटलं, "ठाऊक न्हाय, आप्पा. रोज बघून सांगीन."

त्यांनी मूठभर माती उचलून दाबून बघितली. "ओल गेली आन् मसूर उगवली न्हाय, तर तुमच्या दारात येऊन रडीन बगा!"

"या. च्या करीन."

तेव्हा मात्र हसले. मंगळवारी बांध फोडायचा बेत मागं पडला.

आक्का अजून कुरकुरतात. कुरकुरू देत. माझ्यामुळं जे गेलं ते परत येणार नाही, पण ती तिन्ही पिल्लं उडेपर्यंत मी त्या पाण्याला हात लावू देणार नाही, हा माझा शब्द.

सोमवारी पहाटे भाकरी बांधून घेतली आणि पुन्हा पाणथळीवर गेले.

तुमची,
गौरा