फुकटच्या पाच रात्री

सेंगकांग, सिंगापूर
रविवार दुपार

ती. मधुवंतीताईंना शिरीषचा नमस्कार,

(वर्ष पुरं होईपर्यंत पत्राच्या माथ्यावर ‘श्री’ घालायचा की नाही, हे मला नक्की ठाऊक नाही. वर जागा सोडली आहे. आईंना विचारा आणि चालत असेल तर तुमच्या हाताने लिहून टाका.)

तुमची तब्येत कशी आहे? आईंच्या गुडघ्याला नव्या तेलाने काही उतार पडला का? इकडे आम्ही तिघं बरे आहोत. वरुणची उंची वाढली, गार्गीचे पुढचे दोन दात पडले, माझं काही वाढलं नाही आणि काही पडलंही नाही. परवा फोनवर तुम्ही विचारलंत, “मग आता करणार काय आहात, शिरीषराव?” आणि मी “बघतो” म्हणून फोन ठेवला. तुम्हाला राग आला असणार. पण फोनवर मी “हो”, “बरं” आणि “बघतो” यांच्या पलीकडे जात नाही, हे तुम्हाला लग्नापासून माहीत आहे. पुढचं सगळं अरुणा बोलायची. म्हणून लिहितो आहे. लांबेल, चष्मा घेऊन बसा.

मूळ कटकट अरुणाच्या पॉइंटांची. ऑडिटसाठी ती महिन्यातून एकदा तरी जकार्ता नाहीतर मनिलाला जायची आणि हट्टाने एकाच कंपनीच्या हॉटेलात उतरायची. तिथे राहिलं की पॉइंट मिळतात आणि ते साठले की त्याच कंपनीच्या दुसऱ्या हॉटेलात फुकट राहता येतं. (म्हणजे कामासाठी हॉटेलात राहून कंटाळलेल्या माणसाला बक्षीस म्हणून आणखी हॉटेल. मला हे कधी पटलं नाही.) तिच्या मनात एकच होतं, की मुलांना घेऊन होक्काइडोला जायचं आणि स्कीइंग करायचं. नुसता बर्फ बघायचा नाही, त्यावरून घसरायचं. तिने स्वतः बर्फ पाहिला होता तो आमच्या फ्रीजरमध्ये, आणि तोही माझ्या आळसामुळे साठलेला. पॉइंट पुरेसे झाले आणि पुढचं तुम्हाला माहीतच आहे.

त्यानंतरही हॉटेलवाले तिला पत्रं पाठवतच राहिले. ‘प्रिय अरुणा, तुम्ही बरेच दिवसांत आला नाहीत. आम्हाला तुमची आठवण येते.’ चार-पाच वेळा मी गप्प बसलो. एकदा ‘आम्हालाही’ असं उत्तर लिहिलं, तर ‘या पत्त्यावर आलेली उत्तरं वाचली जात नाहीत’ असं परत आलं. मग एक दिवस कळवलं की वर्षअखेरीस पॉइंट बाद होतील. तेव्हा मात्र मी फोन केला. पलीकडची मुलगी अत्यंत नम्र. खातेदाराशीच बोलावं लागेल म्हणाली. खातेदार उपलब्ध नाहीत म्हटलं. कधी उपलब्ध होतील, असं तिने विचारलं. ताई, मी अकाउंटंट माणूस, मला अंदाजे उत्तर देता येत नाही. फोन स्पीकरवर होता. गार्गी शेजारी बसून चित्र रंगवत होती. मान वर न करता ती म्हणाली, “शी पास्ड अवे, लाह.” पलीकडची मुलगी तीनदा सॉरी म्हणाली. मग सगळी चक्रं फिरली, कागद मागवले गेले आणि पॉइंट माझ्या नावावर आले. पण एक अट होती. हे एकदाच वापरायचे, याच वर्षात, आणि एकदा ठरलेल्या तारखा बदलायच्या नाहीत.

इथे विक्रांतचा प्रवेश. (आमच्या ऑफिसातला, सेरंगूनला राहतो, मागच्या वेळी तुम्हाला विमानतळावर घ्यायला आला होता आणि वाटेत विमा विकायला निघाला होता तोच.) त्याला पॉइंटांतलं सगळं कळतं. हॉटेलचे पैसे रोख देणाऱ्या माणसाकडे तो आजाऱ्याकडे बघावं तसा बघतो. त्याने दोन रविवार आमच्या घरी बसून, पोहे खाऊन मला शिकवलं की चार रात्री घेतल्या की पाचवी फुकट पडते, आणि नाताळच्या गर्दीच्या आधी गेलं की पॉइंट निम्मे लागतात. निम्मे का लागतात, हे तो गेल्यावर मला कळलं. त्या दिवसांत बर्फ पडेलच याची खात्री नसते. विक्रांतला फोन केला तर म्हणतो, “अरे, हॉटेल तर नक्की आहे ना!”

तर खोली फुकट. बाकीच्या गोष्टी ऐका. डोंगरावर नेणाऱ्या पाळण्याचा पास, शिकवणाऱ्याची फी, स्की, काठ्या, हेल्मेट, गॉगल, हे काही फुकट नाही. आणि बारा महिने घामाने निथळणाऱ्या या गावात आमच्याकडे स्वेटर म्हणाल तर आईंनी विणलेला एक, तोही वरुण पाळण्यात असतानाचा. विक्रांत म्हणाला, जुने कपडे विकत घे. मी बुकित पंजांगला एका बाईंकडून सगळ्यांचे जाड कोट आणले. येताना गाडीत पिशवीत मावेनात म्हणून एक अंगात घातला. बाहेर एकतीस डिग्री. समोर बसलेल्या म्हातारबुवांनी मला उठून जागा दिली. त्याच बाईंनी मुलांच्या मापाचे स्कीचे बूटही स्वस्तात दिले. हे बूट म्हणजे पायाला घातलेलं प्लॅस्टर, फक्त वजनाला जास्त. सवय व्हावी म्हणून मी मुलांना ते घालून बाहेरच्या कॉमन पॅसेजमध्ये फेऱ्या मारायला लावलं. तिसऱ्या फेरीला खालच्या मजल्यावरच्या टॅनबाई वर आल्या. “अंकल, रिनोव्हेशन आ?” गार्गीने सांगितलं की स्कीइंग. टॅनबाईंनी आधी मुलांच्या पायांकडे पाहिलं, मग माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि खाली गेल्या. संध्याकाळी सूप आणून दिलं. बहुधा त्यांना वाटलं की माझं डोकं फिरलं. मी खुलासा केला नाही, सूप चांगलं होतं.

एवढं सगळं जुळवलं आणि मग परवा तुमचा फोन आला की वर्षश्राद्ध सोळा डिसेंबरला येतं. आमच्या मुक्कामाच्या बरोबर मधोमध. ताई, मी तारखा डोळे मिटून घेतल्या नव्हत्या. मागच्या वर्षी ती गेली तेव्हा सत्तावीस नोव्हेंबर होता. मी हिशेब केला की तिथी दरवर्षी थोडी अलीकडेच सरकते, म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यावर पुण्याला येऊ, तिचं सगळं नीट करू, परत येऊ आणि मग जाऊ. वर्षाच्या आत मौजमजा केली असंही कोणी म्हणणार नाही. यात चूक एवढीच की यंदा अधिक महिना होता. ज्याने उभा जन्म लोकांच्या वर्षअखेरीचे हिशेब जुळवले, त्याच्या वर्षात आख्खा महिना जास्तीचा आला आणि त्याला पत्ता नाही! पण तो कळणार कसा, हेही सांगतो. घरात पंचांग अरुणा बघायची. मला अधिक महिना कळायचा तो तुमच्याकडून अनारशांचा डबा आला की. मागच्या खेपेला आला, त्याच्या मागच्या खेपेला साथीमुळे विमानं बंद होती तरी कोणाच्या तरी ओळखीने आला. यंदा डबा आला नाही. येणार नव्हताच, ते मला समजतं, मी तक्रार करत नाही. पण डबा नाही म्हणजे महिना नाही, असं मी धरून चाललो.

हॉटेलला विचारलं. तारखा बदलत नाहीत. गुरुजींना विचारलं. तिथी बदलत नाही. दोघंही अत्यंत नम्र.

तेव्हा सगळा विचार करून मी ठरवलं आहे की जायचं रद्द. पॉइंट बुडाले तर बुडाले. तिथी आम्ही इथेच घरी करू, गुरुजी पुण्याहून व्हिडिओवर सांगतील. फक्त इथे पक्ष्यांना खायला घातलं तर दंड होतो, त्यामुळे कावळ्याची पंचाईत आहे. मागच्या वर्षी दहाव्याला ओंकारेश्वराच्या घाटावर कावळा शिवला नाही आणि शेवटी गुरुजींनी दर्भाचा करून भागवलं, तसाच एक त्यांच्याकडून करून घ्या आणि येणाऱ्या कोणाबरोबर पाठवा. मुलांना मी सांगेन. कोट विकून टाकीन. आईंना काळजी करू नका म्हणावं.

आईंना साष्टांग नमस्कार. तुम्ही स्वतःला जपा.

आपला,
शिरीष

ता. क. वरचं आईंना एवढ्यात सांगू नका. मुलांना रद्द झाल्याचं सांगितलं. गार्गी रडली, ते मी धरूनच चाललो होतो. वरुण रडला नाही. थोड्या वेळाने येऊन म्हणाला, “बाबा, त्या दिवशी नदीवर सगळ्यांनी आईला प्रॉमिस केलं. यू सेड मुलांना सांभाळीन. मावशी सेड आजीला सांभाळीन. बट नोबडी सेड स्कीइंग, लाह.” मी त्याला म्हटलं, बघतो. पण ताई, खरंच कोणी म्हटलं नव्हतं. आपण तासभर उभे होतो, तुम्ही तिच्या पीएफपासून माझ्या ब्लडप्रेशरपर्यंत सगळं बोललात, आणि कावळा भिंतीवर बसून बघत होता.

ता. क. दुसरा. पत्र आज टाकायचं राहिलं ते बरं झालं. गुरुजींना पुन्हा फोन केला (आपणहून, याची नोंद घ्यावी). ते म्हणाले, तिथी महत्त्वाची, गाव कुठलंही चालेल. म्हणजे आम्ही जातो आहोत. आता एक अडचण. बुकिंग करताना ‘प्रौढ किती’ या चौकोनात माझ्या हाताने दोन पडलं. नेहमी तेच पडतं. माझ्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता, आणि तिथे काहीच बदलता येत नाही हे मी वर लिहिलंच आहे. तर दुसऱ्या प्रौढाची जागा रिकामी आहे. नाश्ता धरलेला आहे. जाड कोट चार आणले, चौथा कशाला आणला ते मला त्या वेळी कळलं नव्हतं. तो तिच्या मापाचा आहे, म्हणजे तुमच्या. विमानाचं तिकीट विक्रांत त्याच्या पॉइंटवर काढतो म्हणाला. (मी वर त्याच्याबद्दल लिहिलं ते वाचून दाखवू नका.) व्हिसाला वेळ लागतो म्हणून लवकर विचारतो आहे. घसरायला नाही जमलं तर खाली बसून राहा. मीही बहुतेक खालीच असेन. पण सोळा तारखेला पिंड ठेवल्यावर मोठ्याने बोलायचं असतं आणि ते मला जमत नाही. याल का?

ता. क. तिसरा. होक्काइडोच्या हॉटेलला मी सहज विचारलं होतं की तुमच्याकडे कावळे आहेत का. त्यांचं उत्तर आत्ता आलं. क्षमा मागितली आहे. कावळे पुष्कळ आहेत, आकाराने मोठे आहेत, हिवाळ्यातही जात नाहीत आणि अतिशय धीट आहेत. पाहुण्यांच्या हातातलं खाणं पळवतात, पिशवीची चेनसुद्धा उघडतात, तरी कृपया बाहेर अन्न ठेवू नये. तेव्हा दर्भाचा कावळा नको. कानटोपी आणा.