तिसरी करवंटी

आये, आज मी मिठागरावर कामाला गेले. तू असतीस तर दारातूनच मागे ओढलं असतंस. मिठाच्या पाट्या वाहून तुझ्या टाळूवरचे केस गेले, म्हणून तर मला शाळेत घातलंस. पण यांची मुंबईच्या गोदीतली नोकरी मंदीत गेली, हे छातीत खोकला घेऊन उरणला परत आले, आणि आता घरात कमावणारं दुसरं कोणी नाही.

पाटी डोक्यावर घेतली आणि तुझी चूल आठवली. चुलीमागे तीन करवंट्या असत. मजुरी हातात आली की चूल पेटवण्याआधी तू पैसे वाटायचीस. एक करवंटी रोजच्या तांदळाची. दुसरी पावसाळ्याची, कारण पावसात मिठागर बंद. तिसरी कशाची, ते कधी सांगितलं नाहीस. तिच्यात एखादाच पैसा पडायचा, पण पडायचा. एका शिमग्याला बाबा तुझ्या मागे लागले, "आज सण हाय, दे की थोडं माडी प्यायला." तू भाकरी थापत होतीस, वर बघितलंसुद्धा नाहीस. "सण आज हाय. पोट आषाढातपन हाय." बाबा तणतणत निघून गेले. मग शेजारची काकी बाळंतपणात अडली, सुईणीने हात टेकले, तेव्हा तू तिसरी करवंटी पदरात उपडी केलीस, होडी ठरवलीस आणि तिला मुंबईच्या इस्पितळात घेऊन गेलीस. काकी वाचली, मूल गेलं. तिला ते पैसे कधी फेडता आले नाहीत. त्या पावसाळ्यात आपण पेजेवर दिवस काढत होतो. मी चिडून विचारलं, "आपले पैसे होते ना ते?" तू म्हणालीस, "व्हय, आपलेच. म्हनून तर देता आले."

लग्न झाल्यावर मीही करवंट्या मांडल्या. हे हसायचे, पण पगार आणून माझ्याच हातात द्यायचे. पोरं झाली, कधी ओढाताण झाली, तरी आधी बाजूला आणि मग चुलीला, हा नेम मी मोडला नाही. आजारी होऊन आले तेव्हा हे औषधच घेईनात. म्हणायचे, "ते पैसे पोरांचे हायेत. माझ्यावर घालू नको." मी घातले. पनवेलच्या डॉक्टराला बोलावलं, त्याने सुया दिल्या, मग आणखी सुया. तिसरी करवंटी संपली, मग पावसाळ्याचीही. ताप उतरत नाही. काल पेज पाजताना यांनी विचारलं, "पोरांचं हाय ना बाजूला?" मी म्हटलं, "हाय." यांनी माझ्याकडे बघितलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

मी चुकले का, आये? तूही असंच केलं असतंस ना? आज मजुरी घेऊन वाण्याकडे उभी राहिले, तर सवयीने एक पैसा मुठीत वेगळा धरला होता. तांदूळ मापून झाल्यावर तोही द्यावा लागला. पोरं जेवली. यांनी पेजेचे दोन घोट घेतले. मान मोडून आली आहे, उद्या पाटी उचलेल की नाही ठाऊक नाही. वैशाख सरत आला. पाऊस आला की मिठागर बंद होईल आणि त्यापुढचं मला काही म्हणजे काही दिसत नाही. वाटून कसं जगायचं ते तू शिकवलंस. वाटायलाच काही नसलं तर काय करायचं, ते विचारायचं राहून गेलं.

हे पत्र कुठे टाकणार? टाकलं असतं तरी तुला वाचता येत नव्हतं, मलाच मोठ्याने वाचून दाखवावं लागलं असतं. एक गोष्ट मात्र कोणाला सांगता येत नाही म्हणून इथे लिहिते. आज दिवसभर पाट्या वाहताना तुझं बोलणं मनात घोळवत होते. शब्द सगळे आठवतात, आये. आवाज आठवत नाही.