लाल दोरा बांधलेला पंप

ती. ताईंना नमस्कार.

तुमचा गुडघा आता कसा आहे? जिना टाळता ना? मी ठीक आहे. जेवण वेळेवर होतं. (वरण दोनदा करपलं, पण ते मोजत नाही.)

गव्हात यंदा तण फार माजलं. आजवर ते सगळं तुमची बहीणच बघायची. मी नोकरीभर नकाशे काढले, पिकांशी संबंध फक्त ताटात. कृषी दुकानदाराकडे गेलो. तो म्हणाला, "साहेब, हे औषध रुंद पानांच्या तणांना मारतं, गव्हाला नाही. तण वेडंवाकडं वाढून मरतं. गहू दोन दिवस पिवळट दिसेल, मग औषध पचवून उभा राहील. फक्त गव्हाने कांडी धरायच्या, म्हणजे पेरं फुटायच्या आत मारा आणि वारा नसताना मारा." खोकल्याच्या औषधाच्या झाकणाने मोजून, रेनकोट आणि पोहण्याचा चष्मा घालून मी फवारणी केली. शेजारचा कुत्रा आजही माझ्यावर भुंकतो. पण आठवड्यात तण माना टाकून पडलं आणि गहू ताठ. ताई, खरं सांगतो, मला फार बरं वाटलं. तिला सांगायला म्हणून घरात शिरलो, आणि मग पाणी पिऊन बाहेर आलो.

तिथेच थांबायला हवं होतं. तुम्ही दिलेल्या बियांची टोमॅटोची रोपं तिने जाण्याआधी ट्रेमध्ये केली होती. त्यातली आठ मी परसात लावली. त्यांच्यावर मावा पडला, म्हणून माव्याचं औषध फवारलं. तिसऱ्या दिवशी पानं दोरीसारखी पिळवटली. दुकानदाराने एक पान पाहिलं आणि विचारलं, "कुठल्या पंपाने मारलंत?"

आपल्याकडे फवारणीचे दोन पंप, दिसायला सारखेच. तणाच्या पंपाला ती लाल दोरा बांधून ठेवायची. ती गेल्यावर मी खोली आवरली आणि तो मळका दोरा कापून टाकला. (मला वाटलं, उगाच बांधलाय. तिने कारण सांगितलंही असेल. मी "हं" म्हटलं असेल.) पंपात राहिलेलं थोडंसं औषधही टोमॅटो मारायला पुरतं म्हणे. टोमॅटो रुंद पानाचा. औषधाला काय कळणार तो कोणी रुजवला होता!

आठही गेली. हे तुम्हाला सांगायला अकरा दिवस लागले. रागवा.

आपला,
धाकटा मेहुणा

ता. क. तुमच्याकडे त्याच टोमॅटोचं बी उरलं असेल तर पाकिटात घालून पाठवाल का?

ता. क. २. टपालात बी खराब होतं, असं दुकानदार म्हणतो. (तो म्हणत नाही, मीच म्हणतो.) तुम्हीच घेऊन या. खाट खाली, जिन्याशिवायच्या खोलीत टाकली आहे. मागच्या वेळी तुम्ही तिचा विषय काढलात आणि मी पाण्याची मोटार बंद करून येतो म्हणून उठलो. मोटार बंदच होती. या वेळी बसेन.