बाल्कनीत उभा केलेला बाप

कोपर, डोंबिवली (प.)
१२ जून २०२५

ती. बाबा,
साष्टांग नमस्कार.

तीर्थरूप लिहून पुढे अरे-तुरे करणं शोभतं का ते मला ठाऊक नाही. पण तुला 'तुम्ही' लिहिलं तर हे पत्र दुसऱ्याच कुणाच्या बापाला गेल्यासारखं वाटेल. अक्षर मुद्दाम मोठं काढतेय. तुझा चष्मा इथेच राहिलाय, तो पत्रासोबत पाठवते. मनुआत्याच्या चष्म्यानं पेपर वाचत जाऊ नकोस, डोकं दुखेल.

इकडे सगळं ठीक आहे. धाकूकाकानं तुझी होडी उपडी करून ठेवलीय. डांबर लावायला तुझी वाट बघतोय. मी म्हटलं, तुम्हीच लावून टाका, तर म्हणाला, "ज्याची होरी त्यानंच लावाची." आईच्या फोटोचा हार मी दर सोमवारी बदलते. तुझी मच्छी खाणारी ती बोकी अजून दारात येऊन बसते. मी एकटीपुरतं मासे आणत नाही, त्यामुळे तिची पंचाईत झालीय.

आत्या फोन तुझ्या हातात देते तेव्हा तू "हां" म्हणतोस आणि तिला परत देतोस. अडीच महिन्यांत तुझे एवढेच शब्द मला मिळालेत. म्हणून हे पत्र. पत्राला निदान मध्येच "हां" म्हणून थांबवता येत नाही.

नोकरी बरी चाललीय. मला आता सीनियर म्हणतात, नवीन मुलामुलींना प्रेझेंटेशन कसं द्यायचं ते मीच शिकवते. ऐकून तुला हसू येईल. सुरुवातीचे माझे हाल तूच बघितलेस. आमच्या बिल्डिंगच्या बेचाळीस स्लाइड होत्या आणि मी त्या शाळेतल्या धड्यासारख्या वाचून दाखवायचे. एकदा एक गृहस्थ एकोणिसाव्या स्लाइडला चक्क घोरायला लागले, त्यांच्या बायकोनं त्यांना उठवून चहा प्यायला नेलं आणि दोघं परत आलीच नाहीत. घरी मी तुला खाटेवर गिऱ्हाईक म्हणून बसवायचे. तू दोन मिनिटं ऐकायचास आणि विचारायचास, "ता समदा जाव दे. उधानाला पानी कवरा यतं?" मी चिडायचे. म्हणायचे, बाबा, गिऱ्हाईक असं विचारत नाही, गिऱ्हाईक जिम कुठाय ते विचारतं.

मग ठाण्याच्या ऑफिसातून गुरुदत्त सर यायला लागले. आम्हाला विकायला शिकवणं हेच त्यांचं काम. त्यांनी स्लाइड बंद केल्या. म्हणाले, "गिऱ्हाइकासमोर बसू नका, बाजूला बसा. आधी घरात कोण कोण आहे ते विचारा, कुणाचे गुडघे दुखतात, कुणाची परीक्षा आहे. भाव सांगितलात की गप्प बसा. आणि स्वतःची एक गोष्ट जवळ ठेवा. लोक भिंती विकत घेत नाहीत, समोरच्या माणसावर विश्वास टाकतात." खोटं नाही सांगत, त्या माणसाचं मला सगळं पटलं. अजूनही बरंचसं पटतं. मी लोकांचं ऐकायला लागले आणि लोक माझ्याशी बोलायला लागले.

स्वतःची गोष्ट म्हणून माझ्याकडे तूच होतास. सॅम्पल फ्लॅटच्या बाल्कनीत उभी राहून मी खाडीकडे बोट करायचे. "ती निळी होडी दिसते? माझ्या बाबांची. आम्ही इथले कोळी. बाबा घड्याळ बघत नाहीत, तिथीवरून भरती सांगतात." लोक ब्रोशर खाली ठेवायचे. बायका विचारायच्या, खरंच तुझे बाबा? माझं बुकिंग वाढलं ते तुझ्या होडीमुळे. हे तुला मी कधी सांगितलं नव्हतं.

पाडव्याच्या आदल्या रविवारी तुलाच बाल्कनीत आणावं ही कल्पना गुरुदत्त सरांची. तुला विचारलं ते मात्र मी. तू म्हणालास, "मी थं जाऊन काय करू?" मी म्हटलं, काही नाही, लोक तारीख सांगतील, तू भरती सांगायची. तुला नवीन पांढरा सदरा आणला, डोक्याला लाल रुमाल बांधायला लावला. तो रुमाल तू लग्नकार्याशिवाय बांधत नाहीस. तू आरशात बघून म्हणालास, "वऱ्हाडी दिसतंय." पण आलास. माझ्यासाठी आलास, हे मला तेव्हाही कळत होतं.

सकाळ छान गेली ना रे? एकानं बायकोच्या वाढदिवसाची तारीख सांगितली, तू बोटांवर तिथी काढलीस, भरतीची वेळ सांगितलीस, त्यानं मोबाइलमध्ये बघितलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तू लाजलास. मला फार अभिमान वाटला. हे वाक्य आता माझ्या हातून लिहिलं जाणं बरं दिसत नाही, पण वाटला.

मग टिटवाळ्याचे पोपटकाका आणि कलावतीकाकू आले. काका शाळेत शिपाई होते, आता निवृत्त. काकूंचे गुडघे गेलेले, लिफ्टची भीती, त्यात तुळशीला जागा हवी. त्यांना तळमजल्याचा फ्लॅट आवडला होता, पुढे छोटी बाग असलेला. काकांनी तारीख सांगितली नाही. त्यांनी तुला सरळ विचारलं, "आषाढाच्या अवसेला पाणी कुठवर येतं हो?"

तू तेच सांगितलंस जे खाटेवर बसून मला विचारायचास. तू बाल्कनीतून खाली हात केलास. "तो बगीचा हाय ना, यो समदा खारीचा हाय. भराव टाकलाय वरशी. उधानाला वरशी पाऊस आला का पानी पायरीव यतंय, घरान बी यल. म्हातारे मानसांनी खाली नको रवाला." तू चिडून बोलला नाहीस. घरचं कुणी असल्यासारखं सांगितलंस.

त्यानंतर मी विषय बदलला.

विषय बदलला असं मी सगळ्यांना सांगते. आत्यालाही तेच सांगितलं. तुला तसं लिहून काय उपयोग? तू दोन हातांच्या अंतरावर उभा होतास. मी काकूंचा हात हातात घेतला आणि म्हटलं, "काकू, त्यांचं मनावर घेऊ नका. माझी आई गेल्यापासून त्यांचं डोकं ठिकाणावर नसतं. जुनं आणि आताचं त्यांच्यात मिसळतं." आवाज हळू ठेवला होता. पण तुझे कान मला ठाऊक आहेत, धुक्यात दुसऱ्याचं वल्हं ऐकणारे. काकू तुझ्याकडे बघायला लागल्या. लोक लहान मुलांकडे बघतात तसं. आणि तू माझ्याकडे बघितलंस.

तू तेव्हाच काही बोलला असतास तर. म्हणाला असतास, पोरी, खोटं कशाला बोलतेस. तू रुमाल सोडलास, घडी घातलीस, सरांना नमस्कार केलास आणि जिन्यानं उतरून गेलास. संध्याकाळी माझ्या हातची भाकरी खाल्लीस. तिसऱ्या दिवशी आत्याला बरं नाही असं सांगून ठाण्याला गेलास. आत्या ठणठणीत होती, तिनंच मला फोन करून विचारलं की बाबाला काय झालंय.

काका-काकूंनी त्याच दिवशी तळमजला बुक केला.

अजून एक आहे. ते लिहावं की नाही म्हणून आठ दिवस कागद कोरा ठेवला होता. मी ते एकदाच बोलले नाही, बाबा. गुरुदत्त सरांनी सोमवारी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. म्हणाले, गिऱ्हाइकाची शंका अशी सोडवायची, वाद न घालता, स्वतःचं दुःख पुढे ठेवून. त्यांना ते खरंच वाटलं होतं. मी खुलासा केला नाही. आणि पुढच्या शनिवारी कुणीतरी आजारी सासऱ्यांबद्दल बोलायला लागलं, तेव्हा माझ्या तोंडून आपोआप निघालं, "माझ्या बाबांचंही तसंच आहे." लोकांचे डोळे भरून येतात रे. लोक मला धीर देतात आणि मग सही करतात. अडीच महिने मी तेच सांगतेय. होडीच्या गोष्टीपेक्षा ती जास्त चालते. नवीन मुलांना मी शिकवते म्हणाले ना, तर ही गोष्ट कुठे थांबून सांगायची तेही शिकवते.

मला माझीच किळस येते. दुसरा शब्द सापडत नाही.

गेल्या आठवड्यात ऑफिसात काकांचे कागद माझ्यासमोर आले. वीस तारखेला रजिस्ट्रेशन, बावीसला वास्तुशांत. आषाढ लागायच्या आत त्यांना राहायला यायचंय. म्हणजे आषाढाच्या अवसेला काकू त्या घरात असणार, त्या गुडघ्यांनी. मी खाली जाऊन बागेच्या कठड्याजवळ उभी राहिले. नव्या फरशीखालून पाणी पाझरून कडेला खारं पांढरं साचलं होतं. उधाण नव्हतं, काही नव्हतं, साधी भरती होती. ती जागा काय आहे हे कळायला मला तुझी गरज नव्हतीच. मीही त्याच चिखलात खेकडे पकडत मोठी झालेय.

चौथ्या मजल्यावरचा एक फ्लॅट त्याच भावात बदलून द्यायला मी ऑफिसला तयार केलं. रजिस्ट्रेशनच्या आधी असा बदल करता येतो. काल सुट्टी टाकून टिटवाळ्याला गेले. सामान बांधून ठेवलेलं, काकूंनी मोकळ्या राहिलेल्या एका पातेल्यात चहा केला. मी त्यांना सगळं सांगितलं. गुरुदत्त सरांचं काही वापरलं नाही. बाजूला बसले नाही, समोर बसले, आणि म्हटलं, माझे बाबा शहाणे आहेत, ते खरं बोलत होते, खोटं मी बोलले. तळमजला घेऊ नका.

काकू उठून आल्या आणि त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाल्या, "आपल्या बापाला वेडा म्हटलेलं मनाला लागतं गं, कळतं मला. माझा भाऊ तसाच होता. आम्हीही लोकांना सांगायचो, शहाणा आहे म्हणून." मी म्हटलं, काकू, तसं नाही. त्या म्हणाल्या, "त्या दिवशी तू माझा हात धरलास ना, तेव्हाच मी यांना म्हटलं, घर घ्यायचं तर या पोरीकडून. बापाला असं सांभाळून कामाला आणते, ती आपल्याला फसवायची नाही."

मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं. पाण्याचं सांगितलं, खाऱ्या डागांचं सांगितलं. काका म्हणाले, "चौथ्या मजल्याला ही चढणार कशी, लिफ्ट बंद पडली म्हणजे?" आणि मग मला म्हणाले, "तू दमलीयस पोरी. आजाऱ्याचं करून माणसाला असं होतं." दारापर्यंत त्या दोघांनी मला धरून आणलं.

इतक्या जणांना मी बोलून घरं घ्यायला लावली, आणि ज्या एका घराला नको म्हणायला गेले तिथं माझं कुणी ऐकलं नाही. माझ्या शब्दावर त्यांचा एवढा विश्वास बसलाय की आता तो माझ्यानंही हलत नाही.

तू यावंस अशी माझी विनंती आहे. माझ्यासाठी नको. मी माफी मागतेय, पण ती तू द्यावीस असं मी म्हणत नाही, तुला वाटेल तेव्हा, नाही वाटलं तर नको. वीस तारखेच्या आत एकदा टिटवाळ्याला चल. तुझ्या साध्या कपड्यांत. तू त्यांना पाण्याचं सांग. मी आधी बोलेन, तुझ्यासमोर, त्या दिवशी जे बोलले ते शब्दाला शब्द, आणि मग सांगेन की खोटं होतं. ते ऐकतील असं वचन मी देऊ शकत नाही. तू बोलायला लागलास की ते एकमेकांकडे बघतील, मान हलवतील. ते मी करून ठेवलंय. तुला ते सहन करावं लागेल आणि मी बाजूला उभी असेन. तू नाही आलास तर मी एकटी पुन्हा जाईन. वीस तारखेलाही जाईन.

निघताना काकूंनी वास्तुशांतीची पत्रिका दिली. ती या पत्रासोबत पाठवतेय. लपवणार होते, पण आता तुझ्यापासून काही लपवायचं नाही. वर काकांच्या अक्षरात तुझं नाव आहे, श्री. दामाजी, अगदी मानानं लिहिलेलं. काकू म्हणाल्या, "बाबांना नक्की आण. कोपऱ्यात पंख्याखाली त्यांना खुर्ची ठेवते. ते काहीही बोलले तरी कुणी त्यांना हसणार नाही, मी सगळ्यांना आधीच सांगून ठेवीन."

तुला वेडं ठरवणारी,
तुझी मुलगी,
प्राप्ती