ज्वारीतल्या हाका

देवगाव रंगारी, ५ जानेवारी २०२५

चि. तनुजास गोजरआत्याचे पोटभर आशीर्वाद, वि. वि.

फोनवर तू 'बरी आहे' म्हणतीस अन् ठेवतीस, म्हणून कागदच धरला. तुझी आई सांगत होती, कॉलेज सुटलं, केसांना फणी नाय, दिवसभर पडून असतीस. आता त्या समुपदेशनवाल्या बाईंकडं बारा भेटी म्हणं, अन् त्या नुसतं ऐकतात! ऐकायचंच तर मी काय बहिरी हाय?

आपल्याकडं काविळीच्या औषधाला तेल-तिखट बंद. ह्या दुखण्याला पथ्य काय, कळव. आंबट चालत असंल तर लिंबाचं लोणचं पाठवते.

माया हायेच, तू फक्त जेव.
तुझी आत्या

पडेगाव, २० जानेवारी

ती. आत्यास सा. न. वि. वि.

लोणचं पाठव. पथ्य एकच, 'बरी आहे' असं खोटं सांगायचं नाही.

तीन भेटी मी पडद्यावरची कडुलिंबाची सावली बघत बसले. त्या बाईंनी, म्हणजे प्रेरणाताईंनी, घाई केली नाही. चौथ्या भेटीत विचारलं, डोळे मिटून कुठं जातेस? मी म्हटलं, आत्याच्या ज्वारीत. कणसं डोक्यावर, उजेड पिवळा, कुणी हाक मारत नाही. मी आडवी होते अन् हळूहळू उरतच नाही.

मग त्यांनी सरळ विचारलं, मरावंसं वाटतं का. मी हो म्हणाले, आत्या. पहिल्यांदाच. त्यांनी आईला आत बोलावलं. ती रडली, पण रागावली नाही. तसं वाटलं की कुणाला हाक मारायची, ते आम्ही लिहून ठेवलं. तुझं नाव पहिलं आहे, तुला न विचारता.

बारा भेटी संपल्यावर काय, याची भीती वाटते.

रागावू नकोस, लोभ ठेव.
तनुजा

देवगाव रंगारी, २७ जानेवारी

चि. तनुजास आशीर्वाद.

पत्र वाचता वाचता भाकर करपली. लई रडले. मग ज्वारीत जाऊन आडवी पडले, म्हटलं पोरीला काय दिसतं ते बघू. खरंच गं, लई गोड वाटतं. उठूच नये वाटतं. तेवढ्यात बांधावरून शेजारच्या गीताबाईनं हाक मारली. मी व्हय म्हणून उठले, अंगाला कणसांचं सगळं खाजरं कूस लागलेलं.

विचारायचं काय त्यात? नाव राहू दे पहिलंच. फोनचा आवाज मोठा केलाय, कधीबी कर. शनिवारच्या एसटीनं येते. बोललीस तर ऐकीन, नाय बोललीस तर शेजारी बसीन. ताईच्या बारा भेटी होऊ दे. माझ्या कुणी मोजायच्या नाहीत.

तुझीच,
आत्या