फ्लेक्सवरची ‘पहिली’

सोमवार, ५ जानेवारी
बंडू सरपंच आज भर वर्गात आला आणि काम गळ्यात घातलं. नव्या वार्ड मेंबर रेणुकाबाईंचा सव्वीस जानेवारीला सत्कार. फ्लेक्सचा मजकूर मी तपासायचा — गावात मराठीची बाई मी एकटीच! मजकूर असा : ‘भारतातील पहिल्या तृतीयपंथी वार्ड मेंबर’.
‘भारतातील? कोणी सांगितलं?’
‘सांगाले कायले पाह्यजे मॅडम? दिसूनच राह्यलं.’

मंगळवार, ६ जानेवारी
फोनवर शोधलं. पंचवीसेक वर्षांमागे दुसऱ्या राज्यात आमदारसुद्धा होऊन गेल्यात! बंडू हिरमुसला. म्हणे, ‘बरं, आपल्या तेलंगणातल्या करा.’ तेही खात्रीनं सांगता येईना. ‘जिल्ह्यातील’वर तडजोड झाली.
रेणुकाबाईंना कोणी विचारलंच नव्हतं. गेले तर त्या नालीत बांबू घालून गाळ ढोसत होत्या. ‘पयली-दुसरी तुमी पाहा. मले इथं पाइप पाह्यजे.’

शुक्रवार, ९ जानेवारी
आता सुधाकरराव अडून बसले. माजी सरपंच, दोनदा बिनविरोध. त्यांना खुर्ची द्यायला उशीर झाला तर लग्नातून न जेवता परततात. म्हणाले, बेज्जूरकडची एक रुख्मिणी मागंच निवडून आलती. ‘नीट तपासा. खोटं लावू नका.’
बंडू माझ्या कानात — म्हाताऱ्याले सत्कार खुपून राह्यला. मलाही तसंच वाटलं. पण म्हातारा उठता उठता म्हणाला, ‘माया गाडीत चाला. मी नेतो.’

रविवार, ११ जानेवारी
बेज्जूर! हाडं खिळखिळी झाली. सुधाकररावांनी वाटेत आरशात बघून दोनदा केस विंचरले.
रुख्मिणीबाई भेटल्या. टिनाचं घर, दारात शेळ्या. हो, त्यांचा-आमचा जिल्हा एकच होता तेव्हा मेंबर होत्या. शेजारणीला विचारलं, दुकानदाराला विचारलं. ‘होती ना! ते पान्याची टाकी तिनंच बांधून घेतली.’ शंकाच नाही.
‘मग कोणी लिहिलं कसं नाही?’
रुख्मिणीबाई हसल्या. ‘लिवाले कोन येते? बोरिंग बिघडली का येत होते.’ मग माझ्यामागे पाहिलं. ‘हे कोन?’
‘ड्रायव्हर,’ सुधाकरराव स्वतःच म्हणाले. आणि बाहेर जाऊन उभे राहिले!

सोमवार, १२ जानेवारी
बंडूचं डोकं : ‘आता जिल्हा फुटला. ते तिकडची पयली, हे इकडची.’ मी तरी ‘जिल्ह्यातील’वर काट मारली.

शुक्रवार, १६ जानेवारी
रेणुकाबाईंना भीत भीत सांगितलं — तुमच्या आधी एक झाल्यात. वाटलं, नाराज होतील. त्या पंचायतीच्या पायरीवर बसल्या. पदरानं तोंड पुसलं.
‘मंग मी एकटी नाई म्हना.’
रुख्मिणीबाईंना फोन लावून दिला. दोघी कितीतरी वेळ बोलल्या. निम्मं नाल्यांवर. रेणुकाबाई मधेच रडत होत्या, मधेच पाइपची मापं विचारत होत्या. सुधाकरराव तिथंच खांबाला टेकून ऐकत होते. निरोप न घेता निघून गेले.
फ्लेक्सचा नवा मजकूर : ‘आपल्या गावातील पहिल्या तृतीयपंथी लोकप्रतिनिधी’. आता कोण हरकत घेणार!

मंगळवार, २० जानेवारी
उद्या मजकूर छापायला आदिलाबादला जाईल. सुटले.

बुधवार, २१ जानेवारी
सकाळी सुधाकरराव आले. खुर्ची दिली तर बसेनात.
‘गावातली पयली, हेबी काढा, मॅडम. नुसतं नाव ठेवा.’
‘आता का?’
‘कोनाले सांगू नका. पन खोटं लिवू नका.’ खाली बघत म्हणाले, ‘दहा वर्सं मी सरपंच होती.’
होतो, असं मी दुरुस्त करणार होते. शाळेची सवय. त्यांनी मान वर केली आणि सावकाश, एकेक अक्षर म्हटलं —
‘होती.’